हरण्याची नोकरी

संध्याकाळी मी घरी पोचते तेव्हा तासभर माझ्याशी कुणी बोलू नये असं मला वाटतं. घसा दुखतो म्हणून नाही, घसा तर दुखतोच. पण दिवसभर ज्या आवाजात मी बोलते तो घरी आणायचा नसतो आणि माझा स्वतःचा आवाज सापडायला वेळ लागतो. "वाह! क्या बात है! बहुत बढ़िया!" हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते देव जाणे. कुणी चेंडू झेलला की वाह, मणी ओवला की वाह, नुसती मान वर करून बघितलं तरी वाह. चेहराही त्याच मापाचा ठेवावा लागतो. घरी येऊन माझे गाल दुखतात हे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते.

कागदावर माझं पद 'मनोरंजन सहायिका' असं आहे. नई सडकवर एकदा एका लांबच्या सासूबाईंनी मला भर दुकानात विचारलं, "म्हणजे तुला तिथे नाचबिच करावं लागतं का गं?" मी म्हटलं, करावं लागत नाही, करवावं लागतं. त्यांनी नाक मुरडलं आणि ब्लाऊजपीस बघायला लागल्या. आमच्या घराण्यातले पुरुष एके काळी मराठ्यांच्या फौजेबरोबर तलवारी घेऊन इथे उत्तरेत आले, आणि त्यांची नातसून चेंडू घेऊन नोकरीला जाते, हे त्यांना पटणं कठीणच होतं.

फूलबागेच्या पलीकडे एका भाड्याच्या घराच्या तळमजल्यावर आमचं केंद्र आहे. दिवसा वीस-बावीस मोठी माणसं येतात. कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाचं वय चाळीस आणि समज पाच वर्षांची. सकाळी व्हॅन त्यांना घेऊन येते आणि चारला परत नेते. फिजिओथेरपीवाली मुलगी जे दुखवून करते ते मी खेळवून करायचं, अशी आमची कामाची वाटणी आहे. हात हलला पाहिजे, बोटं उघडली पाहिजेत, आणि माणसाला कंटाळा येता कामा नये. माझा कंटाळा कुणी धरत नाही.

मी सांगणार आहे ती हकीकत ज्याची, तो आता चाळिशीला टेकलाय. जन्मापासून त्याचे दोन्ही पाय आणि उजवा हात आखडलेले आहेत. डावा हात चालतो, पण हाताच्या मर्जीने. बोलताना एकेक शब्द त्याला आतून ओढून काढावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला धीर नसला तर शब्द आतच राहतो. डोकं मात्र तल्लख. सकाळचं वर्तमानपत्र कुणी त्याच्यासमोर धरलं तर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि पान उलटायला उशीर झाला की चिडतो. दाल बाज़ारच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. त्याचे पणजोबा दरबारात कागदपत्रं सांभाळायचे, मोठा भाऊ बँकेत आहे, आणि त्याला सांभाळायला सत्तरीची आई. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या काकूंचा जीव भांड्यात पडला होता. "चला, याच्याशी घरच्या भाषेत बोलणारं कुणी तरी भेटलं," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

त्याच्या डाव्या हाताची बोटं रोज वापरात राहिली नाहीत तर मूठ मिटत जाईल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मणी त्याने फेकून दिले. माती बघून म्हणाला, "ब-च्चों का." शेवटी कॅरम त्याला पसंत पडला. व्हीलचेअरच्या उंचीचं टेबल केलं, त्यावर बोर्ड ठेवला, आणि जेवणानंतर रोज एक डाव आमचा ठरला.

माझ्या आधीपासून तिथे असलेल्या एका सहायिकेने मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन शिकवलं होतं, "दीदी, इनसे जीतना नहीं है। जीत गईं तो कल से ये हाथ नहीं लगाएँगे।" नवीन माणसाला चहाची पातेली कुठे आहे ते सांगावं तसं तिने हे सांगितलं, आणि मीही तसंच ऐकून घेतलं. आमच्याकडे सगळेच हरतात. चेंडू सुटतो, पत्ते चुकतात, सापशिडीत आमचा फासा कधी सहा दाखवत नाही. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

हरणंसुद्धा शिकावं लागतं. उघडउघड हरलं तर कळतं. नेम बरोबर घ्यायचा, बोट मागे ओढायचं, आणि शेवटच्या क्षणी केसभर बाजूला मारायचं. सोंगटी भोकाच्या कडेला लागून परत आली पाहिजे. जवळची सोंगटी सोडून लांबची घ्यायची, आणि जाता जाता त्याची एखादी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायची. मग कपाळावर हात मारून "अरे देवा!" म्हणायचं आणि त्याने ती घातली की टाळ्या वाजवायच्या. मी यात पटाईत झाले. अकरा वर्षं, सुट्ट्या सोडल्या तर रोज. खरं सांगायचं तर दिवसातला तो अर्धा तास मला विसाव्याचा वाटायचा. हरायला डोकं लागत नाही. हात चालायचा आणि मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे.

प्रत्येकाची एक वही असते, तीत रोज दोन ओळी लिहाव्या लागतात. त्याच्या वहीत मी लिहायचे, आज कॅरममध्ये विजय, उत्साह चांगला, डाव्या हाताची पकड ठीक. वह्या भरत गेल्या, कपाटात गेल्या, नव्या आल्या.

दोन वर्षांपूर्वी केंद्राला नव्या प्रमुख मॅडम आल्या. उत्साही बाई. त्यांनी सगळ्या वह्या वाचून काढल्या, जे आजवर कुणी केलं नव्हतं. त्याच सुमारास शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेने अपंगांच्या खेळांच्या स्पर्धा ठेवल्या, त्यात कॅरमही होता. मॅडम त्याच्या वह्या छातीशी धरून हॉलमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "अरे, ये तो हमारे चैंपियन हैं! इन्हें भेजेंगे।" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मी तेव्हा का बोलले नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मॅडमना घाबरले असते तर निदान ते कारण तरी झालं असतं. पण मला काही खटकलंच नाही. रोज स्वतःच्या हाताने लिहिलेलं इतक्या वर्षांत मलाही खरं वाटायला लागलं होतं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याला शर्टाची बटणं लावताना मी मनापासून म्हटलं, "तू जिंकणार बघ."

काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. भावाने बँकेतून सुट्टी घेतली होती. जिंकल्यावर वाटायला म्हणून काकूंनी डबाभर बेसनाचे लाडू आणले होते आणि तो डबा मांडीवर धरून त्या पहिल्या रांगेत बसल्या. तो केसांना तेल लावून, नवा निळा शर्ट घालून, मान ताठ ठेवायची पराकाष्ठा करत बोर्डापाशी आला. समोरचा माणूस पन्नाशीचा, कुबड्यांवर चालणारा, घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याने मान हलवून नमस्कार केला, सोंगट्या फोडल्या आणि एकामागून एक पाच घातल्या.

पहिला डाव संपला तेव्हा आमच्या माणसाची एकही सोंगटी भोकात गेली नव्हती. त्याला वाटलं असावं की आज हात आखडलाय. त्याने माझ्याकडे बघून मान उडवली, पुढच्यात दाखवतो असं. मला मात्र तेव्हा कळलं. एकदम कळलं. मी काकूंच्या मांडीवरचा डबा बघत बसले, दुसरीकडे कुठे बघावं ते सुचेना.

दुसऱ्या डावात त्या घड्याळवाल्याला त्याची दया आली. भला माणूस होता. त्याने सोपी सोंगटी सोडून लांबची घेतली. नेम धरला, बोट मागे ओढलं आणि केसभर बाजूला मारलं. सोंगटी भोकाच्या कडेला लागून परत आली. त्याने कपाळावर हात मारला. मग पुढच्या वेळी पुन्हा तसंच.

तो फटका आमच्या माणसाने अकरा वर्षं रोज समोर बसून बघितला होता. त्याने बोर्डावरची नजर उचलली आणि हळूहळू, मान जितकी वळते तितकी वळवून, माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. तिथेच त्याला उत्तर मिळालं. त्याने पुढचा एकही फटका मारला नाही. हात मांडीवर घेतला आणि पंचांनी डाव संपवेपर्यंत तसाच बसून राहिला.

परत येताना व्हॅनमध्ये मी त्याच्या शेजारी होते. काकू पुढे बसल्या होत्या, डबा तसाच. बराच वेळ तो एक शब्द जुळवत होता.

"रो-ज?" त्याने विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

त्याने तोंड खिडकीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन त्याच्या दारात गेली आणि रिकामी परत आली. तिसऱ्या दिवशीही. पंधरा दिवस गेले. व्हॅन दिसली की काकू वरूनच हात हलवून नाही म्हणायच्या. फिजिओथेरपीवाली मुलगी घरी जाऊन बघून आली आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, त्याची मूठ मिटायला लागली आहे. हात कशालाच लावत नाही, पेपरही वाचत नाही. नखं तळव्यात रुततात म्हणून आईने मुठीत रुमालाची गुंडाळी ठेवली आहे. आणखी दोन-तीन महिने असं राहिलं तर तो हातही उजव्यासारखा होईल. एवढं ऐकून मला झोप येईना. त्या हाताने तो घास घेतो, नाक पुसतो, आईच्या पदराला धरून तिला थांबवतो. तेवढा एकच हात त्याच्यापाशी आहे.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "तूच बघ आता," एवढंच म्हणाल्या. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि तो दिवसभराचा आवाज न काढता म्हटलं, "माझं चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही."

 काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

"ता-ई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "ख-रं. खेळ."

चॅम्पियन मुलासाठी काकूंनी कधी काळी घेतलेला बोर्ड कपाटावर होता, कागदसुद्धा न काढलेला. भावाने तो खाली काढला, त्याला खुर्चीत बसवलं. रुमाल काढून मी त्याची बोटं एकेक करून उघडली. मग मी सोंगट्या फोडल्या आणि पहिला नेम धरला. सोपी सोंगटी होती, पोरसुद्धा घालेल अशी. मी अगदी जीव ओतून मारली, आणि ती कडेला लागून परत आली.

दुसरी मारली. कडेला लागून परत आली. तिसरीही.

माझा हात माझं ऐकेना. अकरा वर्षं मी त्याला चुकायला शिकवलं होतं, तेवढंच त्याला येत होतं. नेम बरोबर असायचा, बोट शेवटच्या क्षणी आपोआप केसभर सरकायचं. मला घाम फुटला. "अरे, मी खरंच खेळतेय, शपथ," मी म्हटलं, आणि म्हणताना मलाच ते खोटं वाटलं. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. कोपराने त्याने स्ट्रायकर बोर्डावरून ढकलून दिला.

"झूठ," तो म्हणाला. "जा."

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बरं केलंस हो, सांभाळून खेळलीस ते. त्याची समजूत मी काढीन."  मी जिना उतरले.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे वीज खात्यात आहेत, त्यांना कशाचंही हसू येतं. "म्हणजे तू आता जिंकायचं म्हटलं तरी हरून राहिली आहेस?" म्हणत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्या तोंडाकडे लक्ष गेल्यावर थांबले. कॉलेजात असताना ह्यांनी आमच्या मंडळाच्या गणपतीत कॅरमची बक्षिसं मिळवली होती. त्यांनी माळ्यावरून बोर्ड काढला, धूळ झटकली आणि एक सोंगटी मधे ठेवली.

"फक्त ही एक. वाटेल तितक्या वेळा मार. दुसरीकडे बघायचं नाही."

दीड महिना हे चाललं. दिवसभर दुसऱ्यांना खेळवायचं आणि संध्याकाळी आल्यावर, चहाचा कप हातात असतानाच, स्वतः खेळायला शिकायचं. माझा उजवा खांदा माणसं उचलून उचलून आधीच गेलेला, तो रात्रभर ठणकायचा. भाजी करपायची. "तू बघतेस बरोबर आणि मारतेस चूक," हे म्हणायचे, "तुला मारायच्या आधी कीव येते." मी चिडून म्हणायचे की सोंगटीची कसली कीव. पण ते खरं होतं, मला ते बोटात जाणवायचं. एक दिवस ती सोंगटी गेली. मग दुसऱ्या दिवशी दोनदा गेली. दीड महिन्याने मी ह्यांच्याकडून एक डाव घेतला आणि लगेच विचारलं, "मुद्दाम सोडलात का?" हे इतके रागावले की माझी खात्री पटली.

मी पुन्हा त्याच्याकडे गेले. काही बोलले नाही, बोर्ड मांडला. तो बघत नव्हता, पण कान माझ्याकडे होते. मी एकटीच सोंगट्या फोडून खेळायला लागले. दोन गेल्या. तिसरी गेली. चौथ्या आवाजाला त्याने मान वळवली आणि रुमालाची मूठ उघडायला माझ्यापुढे केली.

त्या दिवशी मी जिंकले तेव्हा त्याच्या सात सोंगट्या बोर्डावर होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले आणि एक थेंब नाकावरून खाली बोर्डावर पडला. दारात उभ्या असलेल्या काकूंनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मला जवळ जाऊन त्याला थोपटावंसं वाटलं, तशी सवय आहे. मी खुर्चीत बसून राहिले.

"अ-जून," तो म्हणाला.

दुसरा डावही मीच घेतला. निघताना त्याने मला थांबवलं. "व्हॅ-न. उद्या."

तो परत आला आणि माझ्या मागे कटकट सुरू झाली. मी त्याला रोज हरवत होते आणि सगळा हॉल बघत होता. माझ्या सहकारी बायका मला टाकून बोलायच्या. "बेचारे को हराकर क्या मिलता है, दीदी?" वहीत मी 'आज हरला' असं लिहायला लागले तेव्हा मॅडमनी बोलावून घेतलं. एवढं नकारात्मक कशाला लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. मग काय लिहू, असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, काही तरी चांगलं बघून लिहा. मी 'आज हरला, पुन्हा मांडायला सांगितलं' असं लिहिलं.

काकूंचं सगळ्यात अवघड गेलं. त्या एका दुपारी रिक्षा करून केंद्रावर आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "रोज घरी तोंड पाडून येतो तो. आधी कसा हसत यायचा. तुझं काय जातं गं हरायला?"

"माझं काही जात नाही, काकू."

"मग?"

 त्यांनी एकटीने चाळीस वर्षं त्याचं सगळं केलं, त्यांना मी काय शिकवणार? "त्यालाच विचारा," एवढं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोठी आलीस," आणि पदर खोचून निघून गेल्या. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. बहुतेक त्यांचंच बरोबर असेल असं वाटलं. आईला मूल हसत घरी यायला हवं असतं, यात काय चुकलं?

आणि हेही कबूल करते की मला रोज जिंकण्याचा कंटाळा आला होता. हरण्यापेक्षा ते पुष्कळ दमवतं. लक्ष द्यावं लागतं, भाजीचा विचार करता येत नाही. शिवाय समोरच्याचं उतरलेलं तोंड बघावं लागतं. एका बुधवारी माझं अंग मोडून आलं होतं, त्याचाही हात खूप ओढत होता, आणि मला वाटलं, आज जाऊ दे. मी बोट सैल सोडलं. अजून मारलंही नव्हतं.

"ता-ई," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. मी बोट आवळलं आणि सोंगटी घातली.

चार महिने तो हरत होता, पण हरता हरता खेळायला लागला होता. त्याचं बोट सरळ जातच नाही, सुटताना डावीकडे ओढतं. आधी त्याच्या ते लक्षात यायचं कारण नव्हतं, काहीही मारलं तरी तो जिंकायचाच. आता त्याने स्ट्रायकर रेघेच्या उजव्या टोकाला ठेवायला सुरुवात केली. हाताला झटका येऊन गेला की मधे क्षणभर तो हात शांत असतो, त्या क्षणाची तो वाट बघायचा. एकेका फटक्याला दोन दोन मिनिटं. माझं कोपर रेघेच्या पुढे येतं म्हणून भांडायचा. "फा-ऊल!" हा शब्द त्याच्या तोंडून सगळ्यात लवकर निघायचा. सात उरायच्या त्या पाच झाल्या, मग तीन.

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर लू चालली होती, अंग भाजणारा वारा. कॅरम खेळताना आम्हाला कूलर बंद ठेवावा लागतो, नाही तर पावडर उडते, आणि मग बाकीचे सगळे आमच्यावर करवादतात. माझी साडी पाठीला चिकटली होती. त्या दिवशी डाव लांबला. राणी माझी झालेली होती. माझी एक सोंगटी उरली होती, त्याच्या दोन. माझी भोकापासून वीतभर, समोरासमोर. पाणी प्यायला जाऊन येऊन घालावी इतकी सोपी. मी मनातल्या मनात पर्स उचलली होती, चार वाजत आले होते, बाहेर व्हॅनवाला हॉर्न देत होता. मी मारली. जोर जरा जास्त झाला. सोंगटी भोकाच्या दोन्ही कडांवर आपटली आणि बाहेर येऊन तिथेच उभी राहिली.

"चला, पुढच्या वेळी," मी म्हटलं. त्याची एक सोंगटी अवघड होती आणि दुसरी माझ्या बाजूच्या कडेला चिकटलेली. ती कुणालाच जाण्यासारखी नव्हती, ह्यांनाही नाही.

त्याने पहिली घातली. मी सरसावून बसले. मग त्याने स्ट्रायकर उजव्या टोकाला नेला आणि थांबला. हात थरथरला, झटका आला, गेला. पुन्हा आला. व्हॅनवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि मी अक्षरशः मनात म्हणत होते, चुक रे बाबा, चुक आणि मला सोड. हात शांत झाला. स्ट्रायकर सुटला, आधी डावीकडच्या कडेवर आपटला, तिथून तिरका वळला, त्या चिकटलेल्या सोंगटीला मागून लागला, आणि ती कडेकडेने सरपटत कोपऱ्यातल्या भोकात पडली.

"काय फालतूपणा आहे हा!" मी ओरडले, आणि दोन्ही हातांनी बोर्ड ढकलला. सोंगट्या खाली घरंगळल्या. माझी ती एक सोंगटी, भोकाच्या तोंडाशी उभी असलेली, तीही गेली. "एवढी सोपी! एवढी सोपी होती माझी! आणि तू, तासभर लावतोस एकेका फटक्याला, माणसाने नेम धरायचा कसा?"

 मणी ओवणारे हात थांबले. माझ्या सहकारी बाईने तोंडातल्या तोंडात "हाय राम" म्हटलं. इतक्या वर्षांत मी कुणावर आवाज चढवला नव्हता, आमच्याकडे ते चालतही नाही, त्यासाठी लेखी समज मिळते. मला ते कळत होतं आणि तरी माझा राग जात नव्हता. मला त्याचा राग आला होता. त्याच्या हाताचा नाही, दैवाचा नाही, त्याचा. माझा हातातला डाव काढून नेला म्हणून.

तो माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत होता, एखादा कागद खरा की खोटा ते तपासावं तसं. मग त्याच्या पोटातून हसू निघालं. त्याला हसताना श्वास अपुरा पडतो, पूर्ण अंग खुर्चीत उडतं, पट्टा लावावा लागतो. त्याने डावा हात हवेत उचलला, बोटं पसरली, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "दी-दी... चिढ़ गई!"

मी वाह म्हटलं नाही. मी सोंगट्यासुद्धा उचलल्या नाहीत. त्याची खुर्ची ढकलत व्हॅनपर्यंत गेले, आणि उन्हात उभी राहून त्याला सांगत राहिले की तो शेवटचा फटका निव्वळ नशिबाचा होता, पुन्हा मारून दाखव. तो वर चढेपर्यंत हसत होता.